पुन्हा उघडावं लागेल

टाके काढायला म्हणून ती गेली होती. डॉक्टरांनी खिशातला फोन बंद करून टेबलाच्या खणात टाकला तेव्हा तिला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. हाच माणूस ऑपरेशनच्या आधी एका कानाला फोन लावून दुसऱ्या हातानं तिचं पोट दाबून बघत होता. आता त्यानं खण सारला, दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि टेबलापलीकडची आपली खुर्ची सोडून तिच्या बाजूला स्टूल ओढून बसला. एखादा माणूस असा जवळ येऊन आवाज उतरवून बोलायला लागला की समजावं, मालात खोट आहे. तिच्या धंद्यात हे रोजचंच होतं. जुनी गाडी भंगारात घालायला आलेले लोक असेच जवळ सरकत, घरच्यासारखी चौकशी करत, आणि मग बॉनेट उघडल्यावर कळे की आतलं निम्मं आधीच कुणीतरी काढून नेलंय. तिला हसू आलं. म्हटलं, बोला डॉक्टर, काय राहिलंय आत? कात्री की कापूस? दाराजवळच्या बाकावर तिचा नवरा तिची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. तो हसला नाही.

गाड्या तोडायचं आवार मूळ तिच्या वडिलांचं. ते गेले तेव्हा बाईमाणूस आहे, वर्षभरात टाळं लावेल, असं म्हणणारे बरेच होते. तेच लोक पुढे सुटे भाग न्यायला तिच्या टेबलासमोर नाक मुठीत धरून उभे राहू लागले. आवारातली माणसं तिला समोर ताई म्हणत आणि पाठीमागे कटर म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं म्हणजे आवडतही होतं. तिचा राग प्रसिद्ध होता. एकदा मोजमापात लबाडी करणाऱ्या एका दलालाच्या गाडीची पुढची काच तिनं तो आत बसलेला असताना पान्यानं फोडली होती, आणि मग आत येऊन शांतपणे चहा प्यायली होती. उजव्या बरगडीखाली कळा यायला लागल्या, पित्ताशयात खडे निघाले, पिशवीच काढून टाकायची ठरली, तेव्हा आवारात चेष्टेला ऊत आला. आता ताईंचं पित्त खवळणार कशानं, असं वेल्डर तिच्या तोंडावर म्हणाला आणि तीही त्याच्याबरोबर हसली. किरकोळ ऑपरेशन होतं. पोटाला चार भोकं, एक रात्र इस्पितळात, पुढे थोडे दिवस तेलकट बंद. ज्याला विचारावं त्याच्या घरात कुणाचं ना कुणाचं झालेलंच असे.

डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढली की आम्ही ती तपासायला पाठवतोच. सगळ्यांचीच पाठवतो. बहुतेक वेळा काही निघत नाही. तुमच्या पिशवीत कॅन्सर निघालाय."

हा शब्द आपल्याला कधी ऐकावा लागलाच तर त्याचा मोठा दणका बसेल, असं तिला कुठंतरी वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. तिला दिसली ती डॉक्टरांची मान. बारीक, कोवळी, दाढी करताना एका जागी कापलेली. बोलताना कंठाची गोटी वरखाली होत होती. ते सांगत होते, आम्हाला आधी शंकाच आली नाही, खड्यांमुळं पिशवीची भिंत जाड झाल्यासारखी दिसत होती, ते नेहमीचंच असतं. गाठ भिंतीत खोलवर गेलीय, पलीकडे गेलीय की नाही ते बाहेरून सांगता येत नाही. ती त्या गोटीकडे बघत राहिली. एका मुठीत मावेल, असं तिला वाटलं. हा विचार भीतीच्या आधी आला, दुःखाच्या आधी आला. पाय गार पडले असताना तळहात मात्र गरम झाला. आपल्या आतून काहीतरी काढून यांनी ते बरणीत घालून कुठल्या तरी टेबलावर चिरलं, काचेवर पसरलं, डोळा लावून पाहिलं, आणि मग नाव ठेवलं. आपण घरी बसून मऊ भात खात होतो तेव्हा. पुढचं तिला तुटक ऐकू आलं. यकृताचा थोडा भाग. जवळच्या गाठी. या वेळी मोठी चीर. मग डॉक्टर म्हणाले, "पुन्हा उघडावं लागेल," आणि हे शब्द मात्र लख्ख ऐकू आले, कारण ते तिचेच होते. आवारात ती दिवसातून किती वेळा म्हणे, ही गाडी उघडा, तो दरवाजा उघडा, नाही उघडत तर कापा. साखळी अडकवून इंजिन वर खेचलं की नळ्या ताणत जात आणि एकेक करून तुटत, आणि तुटलेल्या तोंडातून काळं तेल बराच वेळ गळत राही. लहान असल्यापासून तिला तो क्षण आवडे. बाप खांद्यावर बसवून दाखवायचा, बघ, आता सुटणार.

"काल संध्याकाळी फोन करून यांना कल्पना दिलीय मी," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे घरी थोडी मनाची तयारी होईल म्हणून."

तिनं बाकाकडे पाहिलं. नवरा पर्सच्या बंदाशी चाळा करत होता. काल संध्याकाळी. काल संध्याकाळी तो दुकानातून आला, हातपाय धुतले, दुधी चिरला. भाजी पाणचट झाली म्हणून ती त्याला बोलली, नेहमीसारखीच वाट्टेल ते बोलली, आणि तो बरं म्हणाला. टीव्हीवर कुणीतरी पाय घसरून पडलं तेव्हा तो हसला होता. हो, हसलाच होता, तिला आठवलं. सगळं पोटात ठेवून तिच्या समोर बसून जेवला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर टाके काढायची स्टीलची ताटली होती, तीत कात्री, चिमटा, कापूस. ताटली हातात कधी आली ते तिला कळलं नाही. डॉक्टर तिला शांत करायला उठून मधे आले, आणि ताटलीची कड त्यांच्या भुवईवर बसली. हात नवऱ्याकडे निघाला होता की डॉक्टरकडे, हे पुढे कितीही वेळा आठवून तिला ठरवता आलं नाही. चष्मा भिंतीवर जाऊन आपटला. भुवई फाटून रक्त इतकं भळाभळा आलं की ते त्या एवढ्याशा माणसात होतं हेच खरं वाटेना. ते भिंतीला पाठ लावून खाली सरकले, आणि ती त्यांच्यावर ताटली धरून उभी होती, अजून एकदा मारायला. मारलंही असतं. दार उघडून दोन वॉर्डबॉय आणि एक नर्स आत घुसली, कुणीतरी मागून कंबरेला मिठी मारली, तिच्या पोटातले टाके करकरले, आणि तिनं त्या माणसाच्या मनगटाचा चावा घेतला. या सगळ्यात नवरा बाकावरून उठला नव्हता. ताटली वर गेली त्या क्षणी त्यानं एकच गोष्ट केली होती. उजवा हात झटकन डाव्या काखेत दडवला होता.

ते तिनं पाहिलं. घरी परतताना गाडीत ती खिडकीशी बसली आणि तो दुसऱ्या खिडकीशी, मधे पर्स. बाहेर दुकानं उघडी होती, एक बाई पोराच्या तोंडातलं काहीतरी बोट घालून काढत होती, सिग्नलला लोक घड्याळं बघत होते. कुणालाच काही झालेलं नव्हतं. तिला कॅन्सरचा विचार करायचा होता आणि तो करता येत नव्हता, मधे तो हात येत होता. नवरा घड्याळं दुरुस्त करी. ती दोघं भेटलीही त्यावरूनच. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डातली घड्याळं शोधत तो आवारात यायचा, किडकिडीत, स्वच्छ शर्ट घातलेला, आणि सगळ्या घणाघणात कुठल्यातरी चेपलेल्या गाडीत डोकं घालून कान देऊन बसायचा. बाप म्हणाला होता, हा काय नवरा, हा तर फुंकर मारली तर उडेल. ती म्हणाली, मला उडणाराच पाहिजे. त्याची बोटं बघून तिला पहिल्यांदा काहीतरी झालं होतं. केसाएवढा स्क्रू तो चिमट्यात उचले आणि श्वास न सोडता जागेवर बसवी. त्या बोटांनी तो तिला हात लावी तेव्हा तिला आपण आख्खी असल्यासारखं वाटे. आणि गेल्या थंडीत, कसल्याशा वादात, वाद कशाचा होता तेही आता आठवत नाही, तो कपाटाच्या खणातून काहीतरी काढत असताना तिनं तो जड सागवानी खण लाथेनं बंद केला होता. हाडाचा आवाज सुक्या फांदीसारखा आला. दोन बोटं. तो ओरडला नाही, त्याचा श्वास आत गेला आणि आतच राहिला. लोकांना सांगितलं, दुकानाचं शटर पडलं. सांगितलं तिनंच, तो शेजारी उभा होता. बोटं जुळली पण मिटेनात. आता तो दुकानात सेल बदलून देतो, पट्टे लावतो. बारीक काम आलं तर परत पाठवतो.

टाके काढायचे तसेच राहिले होते. दुसऱ्या दिवशी ती आवारात गेली, जाऊ नकोस असं कुणी म्हणालंच नव्हतं, आणि मागच्या मोरीत शर्ट वर करून छोट्या पक्कडीनं एकेक दोरा कापून ओढून काढला. तीन निमूट आले. बेंबीजवळचा चौथा चामडीत रुतला होता. तो ओढताना रक्ताचा थेंब फुगला, फुटला आणि खाली ओघळला, आणि तिला बरं वाटलं. निदान हे तरी आपल्या हातानं बाहेर आलं. फळीवरच्या आरशात तिला चार भोकं दिसली, आणि त्यांच्या पलीकडे, आत, डोळ्यांना न दिसणारं ते. ते आहे की नाही हेसुद्धा उघडून बघणाऱ्यालाच कळणार. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं. तिनं पोटावर मूठ मारली, हलकी, मग जोरात. आतून कुणी उत्तर दिलं नाही. बाहेर वेल्डर एका पांढऱ्या गाडीच्या दाराचं बिजागर जोडत होता. तिनं त्याला बाजूला केलं, घण उचलला आणि त्या गाडीच्या काचा फोडायला सुरुवात केली. पुढची, मागची, बाजूच्या. मग दिवे. मग बॉनेट. घण वर नेला की पोटात सुरी फिरल्यासारखं होई आणि खाली आणला की क्षणभर काहीच नसे, म्हणून ती पुन्हा वर नेई. माणसं लांब उभी राहून बघत होती. त्यांना अजून काही माहीत नव्हतं, पण कुणी हसत नव्हतं. शेवटी वेल्डरनं मागून येऊन घणाचा दांडा धरला आणि हळूच म्हणाला की ताई, ती गाडी कालच विकली गेलीय, गिऱ्हाईक संध्याकाळी न्यायला येणार होतं. ती तिथंच काचांत बसली. शर्टाला रक्ताचा रुपयाएवढा डाग पडला होता.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं. तो स्वयंपाकघरात उभ्यानं कणीक मळत होता, डाव्या हातानं. परवा संध्याकाळी का नाही बोललास, असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं हात धुतले, पुसले, आणि पहिल्यांदाच ओट्याला टेकून तिच्याकडे सरळ पाहिलं.

"एक संध्याकाळ मला हवी होती," तो म्हणाला. "मोरीत नळ सोडून मी रडलो. तुला सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस, फोडलं असतंस काहीतरी. मग मला रडायला मिळालं नसतं."

तो पुढे सांगत राहिला, दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात. ऑपरेशन झालं, तू हिंडायला लागलीस, की मी बहिणीकडे राहायला जाणार होतो. तिच्याशी बोलून झालं होतं. वरची खोली रिकामी आहे तिच्याकडे. कपडेही वेगळे काढून ठेवले होते, तुझ्या लक्षात आलं नाही. फोन आला तेव्हा मी दुकान बंद करत होतो, आणि पहिला विचार माझ्या मनात काय आला सांगू, की आता जाता येणार नाही. तू मरशील हा दुसरा आला. त्या पहिल्या विचारापायी मी रडलो.

"मग जा की आत्ता," ती म्हणाली. "तुझी कुणाला गरज पडलीय?"

"आत्ता नाही जात. तू बरी हो. बरी झालीस की जाईन."

ओट्यावर लाटणं होतं, तवा होता, सुरी होती. तिची नजर एकेका वस्तूवरून गेली आणि त्याची नजर तिच्या नजरेमागून गेली. दोघांनाही ते कळलं. तो हलला नाही. त्यानं काही काखेत दडवलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. ती बाहेरच्या खोलीत येऊन बसली. आतून पोळपाटाचा आवाज येऊ लागला. जगले तर हा जाणार, मेले तर राहणार. कुणीतरी गंमत केल्यासारखं हे इतकं सोपं होतं. आपण कुणाला कधी सोडून गेलो नाही, तिच्या मनात आलं, आपण नेहमी हाणलं, पण सोडून कधी गेलो नाही. बापही तसाच होता. पट्ट्यानं झोडपायचा आणि मग रात्रभर उशाशी बसायचा. पाठीवर तेल लावता लावता म्हणायचा, माझ्याशिवाय आहे कोण तुला. लहानपणी तिला ते वाक्य गोड वाटायचं. आता पहिल्यांदा तिला ते बापाच्या तोंडून न ऐकता नवऱ्याच्या कानांनी ऐकू आलं, आणि घशाशी कडू पाणी आलं.

त्या आठवड्यात ती डॉक्टरांकडे पुन्हा गेली, एकटीच. दारावरच्या माणसानं अडवलं, मनगटाला पट्टी बांधलेला तोच, पण आतून निरोप आला की येऊ द्या, दार मात्र उघडं ठेवा. डॉक्टरांची भुवई शिवलेली होती, डोळ्याखाली निळं पडून आता पिवळं व्हायला लागलं होतं, आणि नवा चष्मा त्यांना सैल होत होता. या वेळी ते टेबलापलीकडेच बसले. तिनं माफी मागितली. मागायची सवय नसल्यामुळं ती भांडल्यासारखीच ऐकू आली. डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले की तक्रार मी करणार आहे, पोलिसांत. इस्पितळानं त्याच दिवशी करायला सांगितलं होतं. आत्ता केली तर तुम्ही चौकीवर खेटे घालत बसाल आणि हे काम थांबायला नको, म्हणून ऑपरेशन झालं की करणार. तिला त्या क्षणी तो माणूस मनापासून आवडला.

"मग ऑपरेशन तुम्हीच करा," ती म्हणाली. "तुम्हाला माझा राग आलाय. रागात माणूस काम नीट करतो."

"तुमचं होत असेल. माझा हात कापतो." त्यांनी हात टेबलावर ठेवला, तिला दाखवायला म्हणून नव्हे, पण तो खरंच किंचित हलत होता. "आणि तुम्ही ऑपरेशनसाठी आलेल्या नाही. माझ्याकडून फिटंफाट करून घ्यायला आलाय. मी तुमची भुवई फाडली, तुम्ही मला फाडा, मिटलं, असं. तसं मी करून देणार नाही. मला शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे पाठवतो. माझ्यापेक्षा चांगल्या आहेत."

त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. म्हाताऱ्या होत्या, ठेंगण्या, केस बारीक कापलेले, आणि बोलणं मोजकं. त्यांनी तिचं पोट तपासलं, बेंबीजवळचा चिडलेला व्रण बघून हे कुणी काढलं असं विचारलं, आणि उत्तर ऐकून नुसतंच हूं म्हटलं. त्यांनी तिला धीर दिला नाही. म्हणाल्या, उघडल्यावर यकृतात पसरलेलं दिसलं तर मी काही न काढता बंद करीन. नसलं दिसलं तर त्या जागेभोवतीचं यकृत आणि आजार आधी जिथं पसरतो त्या लहान गाठी काढीन. भूल द्यायच्या खोलीत दिव्याखाली पडल्या पडल्या तिला वाटलं, आपण ज्यांना ज्यांना उघडलं त्यांना कधी विचारलं नव्हतं. गाड्यांना कोण विचारतं. पण तिला गाड्या आठवत नव्हत्या. नाकावर मास्क आला तेव्हा तिनं तो हिसकायला हात उचलला, आणि हात बांधलेला होता. मग शुद्ध हरपेपर्यंत जो काही एवढासा वेळ होता तो तिनं हिसके देण्यात घालवला.

जाग आली ती दुखण्यातच. आधीचं ऑपरेशन म्हणजे चिमटा होता, हे निराळं होतं. उजव्या बरगडीखालून आडवी चीर गेली होती आणि श्वास घेतला की ती पुन्हा कुणीतरी नव्यानं कापत होतं. नाकात नळी, पोटातून नळी, लघवीला नळी. ओरडायला पोट लागतं हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. शिव्या ओठांपर्यंत येत आणि तिथंच हवा संपे. नर्स कूस वळवायला आली की ती डोळ्यांनी तिचा गळा दाबी. नवरा खुर्चीवर बसून असे. तो तिचं तोंड पुसे, पाय चेपे, भांडं देई, लघवीचं माप नर्सला सांगे. पेला त्याला एका हातात धरता येत नसे, म्हणून दोन्ही तळव्यांत धरून तो तिच्या ओठाला लावी. कामात कुठं कसूर नव्हती. बोलणं मात्र कामापुरतंच. त्यानंच तिला सांगितलं की डॉक्टर शब्दाचे पक्के निघाले, ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी तक्रार दिलीय, हवालदार येऊन गेला, शुद्धीवर आल्यावर जबाब घेऊ म्हणाला. तिला हसू फुटलं आणि ते इतकं दुखलं की डोळ्यांतून पाणी आलं. तोही हसला. दोघं बऱ्याच दिवसांनी एकदम हसली होती.

मोठ्या बाईंना उघडल्यावर डोळ्यांना पसरलेलं काही दिसलं नव्हतं. पण काढलेला तुकडा पुन्हा तपासायला गेला होता. पुन्हा बरणी, पुन्हा काच, पुन्हा कुणाचा तरी डोळा. त्याचा निकाल यायचा होता. त्या वाट बघण्यात तिच्या मनात एक गोष्ट आली, आणि आल्यावर जाईना. थोडंसं उरलेलं असू दे. फार नको, मरण्याएवढं नको. एखाद्या गाठीत तिळाएवढं. औषधं चालू राहतील, तपासण्या चालू राहतील, खुर्ची पलंगाजवळ राहील. ती दचकली. आपल्याच पोटात ते राहावं म्हणून आपण कुणाची तरी विनवणी करतोय. दुपारी तो खुर्चीतच मान टाकून झोपला की ती त्याच्याकडे बघे. कानशिलावरचे पांढरे केस, उघडं तोंड, मांडीवर पालथा पडलेला तो हात. अशा वेळी तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटे, उशीनं त्याचं तोंड दाबावंसं वाटे, त्याचे पाय मोडावेसे वाटत म्हणजे कुठं जाता येणार नाही, आणि याच भावनेला आपण इतकी वर्षं प्रेम म्हणत आलो हे तिला त्या भरदुपारच्या उजेडात दिसे. मग ती भिंतीकडे बघे. भिंतीला नुसता रंग होता.

मोठ्या बाई सकाळच्या फेरीला आल्या तेव्हा नवरा खाली औषधं आणायला गेला होता. त्यांनी पट्टी उचलून चीर पाहिली, बोटानं कडेकडेनं दाबली, आणि पट्टी परत बसवताना सांगितलं. यकृताचा तुकडा साफ आहे. गाठी साफ आहेत. कडा साफ आहेत. काही उरलेलं नव्हतं. थोडे महिने गोळ्या, मग ठराविक काळानं तपासणी, पण आज तरी तुमच्यात काही नाही. तिनं विचारलं, नीट पाहिलंय ना सगळं? बाईंना वाटलं, आनंदानं विश्वास बसत नाहीये. त्या पहिल्यांदा हसल्या, तिच्या पायावर पांघरुणावरूनच थोपटलं आणि म्हणाल्या की खडे झाले नसते तर हे कळलंही नसतं, सुटलात तुम्ही. आणि दुसऱ्या पलंगाकडे गेल्या.

जिना चढताना त्याची पावलं तिला ओळखू येत. तो मधल्या वळणावर थांबे, कठड्याला हात टेकून. आत्ता तो तिथं थांबला होता. एका गाठीत सापडलंय. एवढंच म्हणायचं. तो विचारणार नव्हता, बाईंना जाऊन भेटणार नव्हता, त्यानं कधी कुणाच्या बोलण्याची शहानिशा केली नव्हती. पिशवी खाली ठेवून तो खुर्चीत बसला असता आणि बसूनच राहिला असता, वर्ष, दोन वर्षं, दोन्ही तळव्यांत पेला धरून. आजवर तिनं त्याला जे जे मारलं होतं त्या सगळ्याहून हा तडाखा मोठा झाला असता, आणि अंगावर कुठं डागही दिसला नसता. तिनं वाक्य तोंडात तयार केलं. ते अगदी बरोबर बसलं होतं. दारात तो आला, घामेजलेला, औषधांची पिशवी दंडाला अडकवलेली.

"बाई येऊन गेल्या," ती म्हणाली.

तो तिथंच थांबला.

"काही उरलं नाही. सगळं साफ आहे."

त्यानं पिशवी जमिनीवर ठेवली, खुर्ची न ओढता पलंगाच्या पायथ्याशी टेकला आणि रडला. नळ न सोडता, तोंड न झाकता, लोकांसमोर. शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बघायला लागली. तिनं मात्र त्याला गप्प हो म्हटलं नाही. तो रडत होता ते ती वाचली म्हणून की तो सुटला म्हणून, हे त्याच्याकडे बघून कळत नव्हतं, आणि विचारायचा तिला हक्क नव्हता. रडणं ओसरल्यावर तो म्हणाला की घरी सोडायचं कधी म्हणाल्या?

"उद्या. म्हणजे मला उद्या," ती म्हणाली. "तू मला सोडून तसाच पुढे बहिणीकडे जा. वेल्डरची बायको येऊन राहील थोडे दिवस. विचारते मी तिला."

बरं, तो म्हणाला. नाक पुसलं. थोडा वेळ बसला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून की काय, आवरायला लागला. कपाटातून तिचे कपडे काढले, घडी घालून एका पिशवीत भरले. मग स्वतःचे, दुसऱ्या पिशवीत. टॉवेल कुणाचा यावर तो क्षणभर अडला आणि त्यानं तो तिच्या पिशवीत घातला. त्याच क्षणी तिचं ते जुनं पित्त उठलं. पोट शिवलेलं, पित्ताची पिशवी नाही, यकृताचा तुकडा नाही, आणि तरी ते जसंच्या तसं उठलं, पायापासून, नेहमीच्या वाटेनं, खांद्यापर्यंत, दंडात, बोटांत. औषधाची बाटली हाताशी होती. तिनं पलंगाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला. त्याची पाठ तिच्याकडे होती. तो सावकाश, वाकडी बोटं सांभाळत, पिशवीची चेन ओढत होता, ती मधे अडकत होती, तो मागे घेऊन पुन्हा ओढत होता. ती धरून राहिली. पिशवी बंद झाली. उद्याच्या गाडीचं बघून येतो असं सांगून तो खाली गेला, पावलं वळणापर्यंत ऐकू आली, मग नाहीशी झाली. तेव्हा तिनं दांडा सोडला. दोन्ही तळहातांवर लाल, खोल वळ उठले होते. ते हळूहळू फिके होत जाताना ती बघत बसली.